रविवारच्या पानाचा गुरुवार

सकाळी ६. इंटरनेटवर सापडलेल्या गोष्टींचं माझं सदर रविवारी येतं, पण मजकूर गुरुवारी संध्याकाळीच द्यावा लागतो. शोधणं आठवडाभर चालू असतं. आजचा दिवस तपासण्याचा. चहा घेताना नासाचं रोजचं खगोलचित्र बघते. १६ जून १९९५पासून रोज एक चित्र आणि खाली खगोलशास्त्रज्ञांनी लिहिलेली थोडक्यात माहिती. सदरात ते क्वचित येतं, पण नजर ताजी होते.

साडेसात. वाचकांचे निरोप. दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा रंगीबेरंगी भारत आज पुन्हा आला. पाठवणाऱ्या काकांना फोन लावला.

"काका, हे एका रात्रीचं चित्र नाही. उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून केलंय. पांढरे दिवे १९९२च्या आधीचे, निळे १९९२चे, हिरवे १९९८चे, लाल २००३चे."

"म्हणजे वस्ती आणि वीज कशी पसरत गेली, ते दिसतंय यात?"

अगदी तेच. खोट्या ओळीखाली किती मोलाची गोष्ट दडली होती! २०१२च्या दिवाळीत उपग्रहाने टिपलेलं खरं चित्रही नासाने दिलं आहे. सणाची जादा रोषणाई अवकाशातून जवळपास जाणवत नाही, असं त्यासोबत स्पष्ट लिहिलंय. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी छापायची.

दहा ते एक. मुख्य मजकूर. नील स्लोन यांनी १९६४ साली विद्यार्थिदशेत संख्यांच्या क्रमिका गोळा करायला सुरुवात केली. तो संग्रह १९९६पासून संकेतस्थळावर आहे आणि आज त्यात साडेतीन लाखांहून जास्त क्रमिका आहेत. चार-पाच संख्या टाका, त्या कुठल्या क्रमिकेतल्या ते कळतं. मी १, ९, ४५, ५५ टाकल्या आणि पडद्यावर नाव आलं: काप्रेकर.

देवळालीच्या शाळेतले शिक्षक दत्तात्रय रामचंद्र काप्रेकर. ४५चा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळवा, पुन्हा ४५. ५५चा वर्ग ३०२५; ३० आणि २५, पुन्हा ५५. त्यांचा ६१७४ तर जगप्रसिद्ध. कागद घेऊन करून पाहिलं. ३५२४ घेतली. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची: ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. पुढे कितीही वेळा केलं तरी ६१७४च. चारही अंक सारखे नसले की कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोचते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर काप्रेकरांचं नाव जगभर गेलं. नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत मुलांना एकदा तरी हा संग्रह उघडून दाखवावा, असं मला मनापासून वाटतं.

दोन. एक दुवा मेलाय. जुन्या पानांच्या प्रती जपणाऱ्या 'वेबॅक मशीन'मध्ये तो मिळाला.

चार. मेलबर्नची झाडं. फांदी मोडली, कीड लागली तर कळवता यावं म्हणून तिथल्या महापालिकेने झाडांना क्रमांक आणि ईमेल पत्ते दिले. लोकांनी तक्रारींच्या जोडीने झाडांनाच पत्रं लिहिली: आभाराची, प्रेमाची. या मजकुरावर मी माझं एकही विशेषण घातलं नाही.

साडेपाच. शेवटची चौकट. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या कालव्यात वसंत ऋतूत मासे अंडी घालायला वरच्या पाण्याकडे निघतात आणि बंद जलद्वारापाशी अडकतात. त्या दिवसांत बोटी कमी, त्यामुळे दार क्वचितच उघडतं. ताटकळणारे मासे मोठ्या माशांच्या आणि पक्ष्यांच्या तोंडी जातात. म्हणून २०२१पासून पाण्याखाली कॅमेरा आहे. जगात कुठूनही बघणाऱ्याने मासा दिसताच पडद्यावरची घंटा दाबायची. फोटो निघतो, आणि पुरेसे मासे जमलेत असं दिसलं की दार उघडलं जातं.

मार्च ते मे दरम्यान दहा मिनिटं काढा. बराच वेळ नुसतं हिरवट पाणीच दिसेल, तरी थांबा. मासा दिसला की घंटा दाबा. सोलापुरातून दाबलेलीही तिथे पोचते.