बाहुलीमागचे तिघे

रंगमंचावर तीन माणसे एकाच बाहुलीला सांभाळीत उभी आहेत. पैकी दोघांनी अंगभर काळी वस्त्रे व तोंडावर काळा बुरखा घेतलेला. तिसरा, जो मुख्य चालक, तो बहुधा उघड्या चेहऱ्याने वावरतो. दोरे नाहीत, पडद्याआडची कळ नाही, लपवाछपवी तर मुळीच नाही. असे असूनही थोड्याच वेळात ही तिन्ही माणसे प्रेक्षकांस दिसेनाशी होतात आणि मान किंचित कलती करून अश्रू आवरणारी ती बाहुली तेवढी नजरेसमोर उरते. जपानमधील ओसाका नगरीच्या ‘बुनराकू’ या बाहुलीनाट्याची ही किमया जुनीच आहे. नवी आहे ती चिंता: उद्या हे पाहावयास कोण येणार, आणि त्याहून बिकट म्हणजे, हे करावयास कोण येणार?

बाहुल्यांचा खेळ म्हटला की तो पोरांच्या करमणुकीसाठीच असणार, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. बुनराकूला ती लागू पडत नाही. ताकेमोतो गिदायू या गायकाने १६८४ साली ओसाकाच्या दोतोन्बोरी भागात आपले नाट्यगृह उघडले आणि चिकामात्सु मोंझाएमोनसारखा नाटककार त्यास लाभला. १७०३ साली रंगभूमीवर आलेले चिकामात्सुचे ‘सोनेझाकी शिंजू’ हे नाटक त्याच वर्षी घडलेल्या एका खऱ्या घटनेवर बेतलेले होते. दुकानातला एक नोकर आणि एक गणिका यांनी एकत्र केलेल्या आत्महत्येची ती कथा. वीरपुरुषांच्या आख्यानांत रमणाऱ्या रंगभूमीवर सामान्य माणसाचे दुःख आले ते या लाकडी पात्रांच्या द्वारे. पुढे १७३४च्या सुमारास एका बाहुलीस तीन चालक ही पद्धत रूढ झाली व आज दिसणारे रूप सिद्ध झाले. बुनराकू हे नाव मात्र बरेच नंतरचे. अवाजी बेटावरून ओसाकात आलेल्या उएमुरा बुनराकुकेन या व्यावसायिकाच्या नावावरून ते पडले.

या तिघांची कामवाटणी पाहण्याजोगी आहे. मुख्य चालकाच्या डाव्या हाती बाहुलीचे मस्तक, उजव्या हाती तिचा उजवा हात, दुसऱ्याकडे केवळ डावा हात, तिसऱ्याकडे पाय. पायांवर दहा वर्षे, डाव्या हातावर दहा वर्षे, आणि मग मस्तक, असा या विद्येचा परंपरागत हिशेब सांगतात. पाय चालविणाऱ्यास वाकून काम करावे लागते, म्हणून मुख्य चालक उंच लाकडी पादुका घालून उभा राहतो. गंमत अशी की स्त्रीपात्रांना बहुधा पायच नसतात. किमोनोच्या घोळात मुठी हलवून तो चालक पावलांचा आणि गुडघ्यांचा भास निर्माण करतो! संवाद व निवेदन ही दोन्ही एकट्या ‘तायू’ने करावयाची. म्हातारा, तरुणी, बालक, खलपुरुष, सारे एकाच कंठातून यावयाचे. शेजारी जाड दांडीचे शामिसेन हे तंतुवाद्य. आरंभी तायू संहितेची पोथी दोन्ही हातांनी कपाळाशी नेऊन तिला वंदन करतो. पोथीस मस्तक लावूनच वाचनास बसणाऱ्या आमच्या वाचकांस हे दृश्य परके वाटू नये.

आता प्रश्न असा की इतकी संथ, इतकी सूक्ष्म कला शाळकरी मुलांपुढे आणि परदेशी पाहुण्यांपुढे ठेवावी कशी? ओसाकाच्या राष्ट्रीय बुनराकू नाट्यगृहात, जे १९८४ साली उघडले, उन्हाळी सुटीत आईबाप व मुले यांच्यासाठी खास प्रयोग होतात. बलवान बालक किंतारो महाकाय कोळ्याचे पारिपत्य करतो, किंवा चिनी पुराणकथेतला वानरराज आकाशात झेप घेतो, अशी कथानके त्यांसाठी निवडली जातात. परदेशी प्रेक्षकांसाठी इंग्रजी श्राव्य-मार्गदर्शन आणि प्रारंभीचे निरूपण यांची सोय केलेली असते. मंचाच्या वर संहितेच्या ओळी झळकतात त्या केवळ परकीयांसाठी असतात असे मात्र कोणी समजू नये. जुन्या वळणाची ती भाषा आजच्या जपानी माणसालाही कानाने पुरती उमगत नाही.

या साऱ्यांत आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते प्रात्यक्षिक. मुलास बोलावून बाहुलीचे पाय त्याच्या हाती द्यावेत, मस्तकातल्या दोरीने भुवया कशा उंचावतात ते दाखवावे. रहस्य उघड केल्याने जादू ओसरेल अशी धास्ती येथे बाळगण्याचे कारण नाही. जी कला आपले चालक प्रेक्षकांसमोरच उभे करते, तिला लपविण्यासारखे आहेच काय? लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये २००७ साली ‘वॉर हॉर्स’ या नाटकाने उघड्यावरच्या चालकांकरवी घोडा जिवंत केला, तेव्हा पाश्चात्त्य प्रेक्षकांनीही हे सहज स्वीकारले.

२०२४च्या शरद ऋतूत अमेरिकेत झालेल्या दौऱ्यात ‘सोनेझाकी’च्या मागे ‘माय नेबर तोतोरो’ या चित्रपटाचे कला-दिग्दर्शक काझुओ ओगा यांची चित्रे पार्श्वभूमी म्हणून हलती ठेवण्यात आली. जुन्या जाणकारांपैकी काहींच्या कपाळी आठ्या पडल्या असल्यास नवल नाही. आम्ही मात्र यात गैर पाहत नाही. मागचा पडदा बदलला, तायूचा कंठ आणि बाहुलीची मान बदलली नाही. खरी भीती आहे ती कथेची कात्रणे करून पर्यटकांस अर्ध्या तासात उरकून देण्याची. दुःख साठत साठत जाण्यास जो अवधी लागतो तो काढून घेतला की उरते ते खेळणे.

सरकारी तिजोरीचे गणित वेगळेच असते. २०१२ साली ओसाकाच्या महापौरांनी बुनराकूच्या अनुदानास कात्री लावण्याचा पवित्रा घेतला आणि पुढील वर्षी ते अनुदान प्रेक्षकसंख्येशी जोडण्यात आले. वीस वर्षे तपश्चर्या करून मस्तकापाशी पोहोचणाऱ्या कलावंताचे मोल यंदाच्या तिकिटविक्रीवर ठरविणे, यास व्यवहार म्हणावे की अव्यवहार, हे वाचकांनीच ठरवावे.

शिवाय प्रेक्षक वाढले म्हणून कलावंत वाढतात असे नाही. १९७२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रशिक्षणवर्गाने घराण्याबाहेरच्या मुलांस ही दारे उघडली, आणि आजच्या कलावंतांपैकी निम्मे तरी त्याच वर्गातून आलेले आहेत. वर्ग दोन वर्षांचा, विनाशुल्क. मात्र तो पुरुषांपुरता. २०२३ साली या वर्गाकडे एकही अर्ज आला नाही. मुलींना दार बंद ठेवून मुलगे येत नाहीत म्हणून खंत करणे, हे आम्हांस नीटसे पटत नाही. अवाजी बेटावर, जिथून बुनराकुकेन आला, तेथील बाहुलीनाट्यात स्त्रिया गातात, वाजवितात आणि बाहुल्याही नाचवितात.

गोव्याच्या वेशीपासून थोड्याच अंतरावर, कुडाळजवळील पिंगुळीस, ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी जतन केल्या आहेत. तेथील परशुराम गंगावणे यांस २०२१चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला, आणि त्यांच्या कुटुंबाने गोठ्याच्या जागेत उभे केलेले छोटेखानी संग्रहालय कोणासही पाहता येते. आमच्या शाळांच्या सहली पिंगुळीवरून पुढे मालवणच्या किल्ल्याकडे जातात. एखादी गाडी तासभर तेथे थांबवावयास काय हरकत आहे?