जुन्नर-आंबेगावातील तडजोडीचे दशक

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ रोजी अमलात आली आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३२० हे कलम ३५९ या नव्या क्रमांकाने जवळजवळ जसेच्या तसे पुढे चालू राहिले. ज्याला इजा झाली त्यानेच आरोपीशी समेट करून खटला संपवावा, असे कोणत्या अपराधांत चालते याची यादी या कलमात आहे. साधी दुखापत, अपमान, दुसऱ्याच्या शेतात बेकायदा घुसणे यांत फिर्यादीची संमती पुरते, काही गंभीर अपराधांत न्यायालयाची परवानगी लागते, आणि समेट झाला की कायद्याच्या दृष्टीने आरोपी निर्दोष ठरतो. ही यादी सुधारण्याची संधी संसदेने दवडली.

या यादीची अडचण गावपातळीवरील तडजोडीत दिसते. मराठेशाहीतील गोतसभा, तिचे महजर म्हणजे निवाडापत्रे, त्यानंतरची इंग्रजी न्यायालये आणि १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने आणलेल्या व पुढे रद्द झालेल्या न्यायपंचायती हा सारा इतिहास येथे ओझरता सांगितला तरी चालेल. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात खरे महत्त्व आहे ते १५ ऑगस्ट २००७ पासूनच्या काळाला. त्या दिवशी गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती निवडायची, समितीने गावातील दिवाणी, महसुली व फौजदारी तंटे नोंदवहीत उतरवायचे, मिटण्याजोगे असतील ते पोलीस पाटील व बीट हवालदारांच्या साहाय्याने मिटवायचे आणि न्यायालयात गेलेल्या प्रकरणांत उभय पक्षांनी तडजोडीची पुरसीस, म्हणजे समेटाचे लेखी निवेदन, दाखल करायची, अशी ही रीत होती.

कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी या तालुक्यांच्या पूर्व भागात ऊस, द्राक्षे व भाजीपाला पिकवला, जमिनीचा भाव चढवला आणि त्याबरोबर बांध, वहिवाटीची वाट व पाण्याची पाळी यांवरून होणारी भांडणेही वाढवली. बांध कोरल्यावरून सुरू झालेली बाचाबाची मारामारीवर जाई आणि घोडेगाव किंवा जुन्नरच्या न्यायालयात वर्षानुवर्षे तारखा पडत. मोहिमेमुळे अशा प्रकरणांत मोजणी, मध्यस्थी आणि समेट हे तिन्ही गावातच घडू लागले, ही त्या दशकाची मोठी कमाई होय. मोहिमेचे दोषही खरेच होते. बक्षिसाची रक्कम लोकसंख्येनुसार ठरे आणि ती गुणांवर मिळे, म्हणून नोंदवह्यांतील आकड्यांचा हव्यास वाढण्यास वाव राहिला. स्त्रीवर किंवा दलित-आदिवासी फिर्यादीवर मोठ्यांचा दबाव आला तर त्यातून मिळालेल्या संमतीला संमती म्हणता येत नाही. मात्र या दोषांवर बोट ठेवून संपूर्ण मोहिमेला जातपंचायतीच्या पंक्तीला बसवणाऱ्या शहरी टीकाकारांनी तिच्यावर अन्यायच केला, कारण जातपंचायत कायद्याबाहेर दंड करीत असे, तर येथील समेट कायद्याच्या यादीतच बसवायचा होता.

त्या यादीलाच ३१ डिसेंबर २००९ रोजी धक्का बसला. घातक हत्याराने दुखापत करण्याचे भारतीय दंड संहितेचे कलम ३२४ त्या दिवसापासून तडजोडीच्या यादीतून वगळले गेले. हत्याराने धोका वाढतो हे कारण समजण्यासारखे असले तरी परिणाम विपरीत झाला. बुक्कीने हाड मोडले तर ते कलम ३२५ खाली न्यायालयाच्या परवानगीने मिटे, पण विळ्याची किरकोळ जखम मिटत नसे. शेतकऱ्याच्या हातात कोयता, विळा, कुऱ्हाड नेहमीच असते. राज्य समेटाला बक्षीस देत होते, त्याच वेळी केंद्राचा कायदा समेटाची वाट अडवत होता. ज्ञानसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अशी प्रकरणेही उच्च न्यायालय रद्द करू शकते असे सांगितले खरे, पण त्यासाठी आंबेगाव तालुक्यातील आहुप्याच्या आदिवासी शेतकऱ्याला मुंबई गाठावी लागते. ज्यांना हा खर्च झेपत नाही ते साक्ष देताना शपथेवर फितूर होतात, आणि सलोख्यासाठी खोटे बोलण्याची पाळी कायदाच त्यांच्यावर आणतो.

आर. आर. पाटील फेब्रुवारी २०१५ मध्ये गेले आणि मोहिमेचा जोम ओसरला. आंबेगावचेच आमदार दिलीप वळसे पाटील २०२१ मध्ये गृहमंत्री झाले, तरी पहिल्या वर्षांतले तिचे रूप परतले नाही. जुने कलम ३२४ आज भारतीय न्याय संहितेत कलम ११८(१) आहे. संसदेने ते न्यायालयाच्या परवानगीने मिटणाऱ्या अपराधांत परत घालावे आणि ती परवानगी देण्यापूर्वी न्यायाधीशाने फिर्यादीला एकांतात विचारण्याची सक्ती करावी.