खाडीचा कारभार आणि त्याची परिभाषा

लोणारसारख्या खाऱ्या सरोवरातून पाणी बाहेर पडण्यास वाट नसते. आत आलेले पाणी बाष्पीभवनाने उडून जाते, क्षार मागे उरतात, आणि म्हणून अशा प्रदेशास ‘बंदिस्त खोरे’ म्हणतात. ठाणे व कल्याण-डोंबिवलीलगतची खाडी मात्र समुद्राला उघडी असून तिचा खारेपणा भरतीचे पाणी आणि नदीचे गोडे पाणी यांच्या प्रमाणावर ठरतो. तरीही दोन्हींच्या व्यवस्थापनाचा पाया एकच आहे व तो म्हणजे ‘पाणलोट क्षेत्र’, अर्थात ज्या भूभागावरील पाऊस उताराने वाहत एकाच प्रवाहास किंवा जलाशयास मिळतो तो संपूर्ण भूभाग. शेजारच्या दोन पाणलोटांना वेगळे करणाऱ्या उंच रेषेस ‘जलविभाजक’ म्हणतात.

राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, बदलापूरवरून कल्याणकडे येते, काळू व भातसा यांचे पाणी घेऊन वसईच्या खाडीतून समुद्रास मिळते, आणि तिचा एक अरुंद फाटा ठाणे खाडीशी जोडलेला आहे. उन्हाळ्यातही तिच्या पात्रात पाणी असते, याचे एक कारण जलविभाजकापलीकडे आहे. भीमेच्या खोऱ्यातील ठोकरवाडी धरणाचे पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजकेंद्रात उतरवून, वीजनिर्मितीनंतर उल्हासच्या खोऱ्यात सोडले जाते. या पाण्यास ‘अवजल’ असे नाव आहे. कल्याणजवळ मोहने येथे नदीचे गोडे पाणी शहरासाठी उचलले जाते, तर त्याखाली भरतीचा अंमल सुरू होऊन पाणी मचूळ, म्हणजे शास्त्रीय परिभाषेत ‘निमखारे’, होत जाते. वरून येणारा गोडा प्रवाह मंदावला की खारे पाणी पात्रात अधिक आत शिरते, त्यास ‘क्षारप्रवेश’ म्हणतात.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती ती ‘उधाणाची’ व अष्टमीच्या सुमारास येणारी लहान ती ‘भांगाची’. उधाणाचे पाणी ज्या सखल जमिनीवर चढते ती ‘खाजण’ किंवा ‘खार’ जमीन होय. तिच्याभोवती मातीचा बांध घालून ती भातशेतीस आणण्याच्या कामास ‘खारबंदिस्ती’ म्हणतात. बांधात बसविलेली ‘उघाडी’ ही झडपांची मोरी ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर सोडते व भरतीच्या दाबाने आपोआप मिटते. झडप निकामी झाली किंवा बांधाला खांड पडली, तर एका उधाणात शेत नापीक होऊ शकते. अशा जमिनींसाठी १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम असून पनवेलच्या संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या भातजाती विकसित केल्या आहेत.

शेतकरी जे पाणी बांधाबाहेर ठेवतो, तेच आगरी मिठागरात आत घेतो. भांडुप-मुलुंडच्या बाजूस खाडीकाठी विस्तीर्ण मिठागरे आहेत. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांतून पुढे सरकवत उन्हात आटविले जाते. दाटपणा मोजणाऱ्या बोमे मापकावर समुद्राचे पाणी सुमारे ३ अंश दाखविते व सुमारे २५ अंशांवर मिठाचे स्फटिक धरू लागतात. मीठ काढल्यावर उरणाऱ्या कडू द्रवात मुख्यतः मॅग्नेशियमचे क्षार असतात.

खाजणात आपोआप वाढणारे जंगल म्हणजे ‘कांदळवन’. ठाणे खाडीत त्यातील तिवराचे प्राबल्य असून चिखलात हवा मिळत नसल्याने त्याची श्वसनमुळे वर डोकावतात आणि जादा मीठ पानांवर स्फटिकरूपाने साठते. रोहित पक्ष्यांच्या वास्तव्यामुळे या खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग २०१५ मध्ये अभयारण्य घोषित झाला व २०२२ मध्ये ठाणे खाडी ‘रामसर स्थळ’ ठरली. लोणारला हा दर्जा २०२० मध्ये मिळाला होता. १९७१ च्या रामसर करारातील ‘सुज्ञ वापर’ या संकल्पनेनुसार पाणथळ जागेचा उपयोग वर्ज्य नसतो, मात्र तिचा नैसर्गिक स्वभाव बिघडता कामा नये, अशी अट असते.

ही अट पाळणे अवघड जाते, कारण धरण, नदी, खारबांध, मिठागर आणि कांदळवन यांचा कारभार निरनिराळ्या यंत्रणांकडे आहे. अभयारण्याची हद्द काटेकोर राखली, तरी वरचा गोडा प्रवाह घटला अथवा बदलापूर-डोंबिवलीचे सांडपाणी प्रक्रियेविना आले, तर खाडीचे आरोग्य ढासळते. म्हणून नियोजनाचे एकक नगरपालिकेची किंवा अभयारण्याची हद्द नसून संपूर्ण पाणलोट क्षेत्र असणे आवश्यक ठरते.