पावणेतीन किलोमीटरचं उड्डाण

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही दोन बेटं आहेत. त्यांच्या विमानतळांमधलं अंतर 2.7 किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या लांबीपेक्षाही कमी. 1967 मध्ये लोगनएअर या विमान कंपनीने सुरू केलेली ही विमानफेरी जगातली सर्वांत छोटी नियमित फेरी मानली जाते. वेळापत्रकात तिला दोन मिनिटं आहेत. विक्रम 53 सेकंदांचा आहे. गंमत म्हणून हे वाचून सोडून देण्यासारखं नाही, कारण विमानप्रवासाचा वेळ अंतरावरून काढता येतो ही आपली समजूत इथे उघडी पडते.

शाळेतलं त्रैराशिक मांडून पाहू. या मार्गावरचं आयलंडर जातीचं छोटं विमान हवेत स्थिरावलं की ताशी सुमारे 240 किलोमीटर जातं. त्या हिशेबाने हे अंतर 40 सेकंदांत संपायला हवं. वेळापत्रक तिप्पट वेळ देतं. कारण तो वेग गाठायलाच इथे सवड नसते. धावपट्टीवर धाव घेणं, वर चढणं, वाऱ्याच्या दिशेनुसार वळून वेग कमी करत उतरणं यांना लागणारा वेळ अंतराबरोबर आक्रसत नाही. मुंबई-लंडन प्रवासात ही मिनिटं कुठल्या कुठे विरून जातात, छोट्या मार्गावर तीच प्रवास होऊन बसतात. मुंबई-कोल्हापूर हवाई अंतर तीनशेच्या आसपास किलोमीटर. एटीआर जातीच्या विमानाच्या ताशी पाचशेच्या वेगाने ते पस्तीस-चाळीस मिनिटांचं काम, पण वेळापत्रकात तासाभराचा हिशेब असतो. त्यात मुंबईला धावपट्टीपर्यंत रांगेतून सरकणं आणि उतरण्यासाठी हवेत थांबणंही धरलेलं असतं.

मोजायला काही तरी सोपं माप हवंच, असं कुणी म्हणेल. छोट्या शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या 'उडान' योजनेनेही सुमारे पाचशे किलोमीटर म्हणजे एक तास असं धरून त्यासाठी अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा ठरवली होती. भाडं बांधायला हे माप चालतं. मार्ग उपयोगाचा आहे का, हे मात्र त्यातून कळत नाही. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: पावणेतीन किलोमीटरसाठी विमान कशाला, होडी नाही का? आहे, आणि ती अर्ध्या तासाच्या आत पोचवते. पण हे विमान त्या दोन बेटांपुरतं उडतच नाही. ते ऑर्कनीचं मुख्य गाव कर्कवॉल इथून येतं आणि ही छोटी उडी त्या फेरीचा एक तुकडा आहे. मोठं रुग्णालय कर्कवॉलला, आणि पापा वेस्ट्रेहून तिथे जाणारी थेट बोट रोज नसते. तुलना करायची ती या बोटीशी. म्हणून तिथल्या प्रवाशांसाठी सार्वजनिक पैसा खर्च होतो, तो मला उधळपट्टी वाटत नाही.

आपल्याकडे 'उडान'मधल्या अनुदानाची तीन वर्षं संपल्यावर अनेक मार्ग बंद पडल्याचं 'कॅग'ने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, 2023 मध्ये नोंदवलं. त्यामागे विमानांची टंचाई, अपुरे विमानतळ अशी कारणं आहेतच. तरी मार्ग निवडताना विमानाला किती मिनिटं लागतात यापेक्षा विमान नसेल तर माणसाला किती तास लागतात, हा प्रश्न आधी यायला हवा. मुंबई-कोल्हापूर रस्त्याने सात-आठ तासांचं आहे. तिथे तासभर आधी विमानतळावर पोचूनही वेळ वाचतो. पुणे-कोल्हापूरला चांगल्या महामार्गाने चार-पाच तास लागतात, आणि तिथे मात्र विमानाची बाजू लंगडी पडते.