मावशींच्या हाताखाली

पहाटे ५.४५

जानेवारीतली नागपूरची पहाट अंगाला झोंबते. सदरमधल्या अतिथिगृहाच्या व्हरांड्यात तीन मुली आणि दोन मुलगे शाली लपेटून बसले आहेत. स्कॉटलंडमधल्या वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून हे विशीतले तरुण दोन आठवड्यांच्या सेवेसाठी आले आहेत. मी त्यांची दुभाषी. आज वाचनाला योहानाचा १३वा अध्याय आहे, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो. वाचन संपल्यावर प्रत्येक जण आज कोणाकडून काय शिकायचं ते ठरवतो आणि मग प्रार्थना होते.

सकाळी ७.१५

नाक्यावर तर्री-पोहे. तर्रीने डोळ्यांत पाणी येतं, तरी कोणी प्लेट अर्धी टाकत नाही. मुलांच्या निवासी घराकडे निघण्याआधी दोन नियमांची आठवण करून देते. मुलांचे फोटो काढायचे नाहीत आणि धर्माचा प्रचार करायचा नाही. टुरिस्ट व्हिसावर प्रचाराला परवानगी नाहीच. पण ती असती, तरीही जे मूल उठून जाऊ शकत नाही त्याच्यापुढे प्रवचन मांडणं मला पटलं नसतं.

सकाळी ८.३०

अपंग मुलांचं निवासी घर. इथे वर्षानुवर्षं मुलांचं सगळं करणाऱ्या मावशी दारातच सांगतात, "आधी हात धुवा. मंग पाहा. मंग करा."

या तीन वाक्यांवर आमचा दिवस चालतो. पहिले दोन दिवस या तरुणांनी नुसतं पाहिलं होतं. आम्ही मदतीला आलो आणि बसूनच आहोत, ही त्यांची तगमग मला दिसत होती. आता मावशी एकेकाला नावाने हाक मारून काम देतात. एक जण मुलाला उचलताना मान कशी सावरायची ते शिकतो आहे. दुसरी जखडलेल्या पायांचे व्यायाम शिकते आहे. पाय ओढायचा नाही. स्नायू सैल होईपर्यंत हळूहळू दाब द्यायचा आणि डोळा मुलाच्या चेहऱ्यावर ठेवायचा, कारण दुखलं तर ते तिथेच कळतं.

दुपारी १२.१५

जेवण. दिवसातलं सगळ्यांत जोखमीचं काम हेच. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांना गिळणं अवघड जातं. घास श्वासनलिकेत गेला, तर फुप्फुसांना संसर्ग होऊ शकतो. म्हणून मुलाला ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली ठेवायची, वरणभात मऊ कालवून चमच्याच्या टोकावर घ्यायचा. घास गिळला याची खात्री झाली की मगच पुढचा. एका ताटाला पाऊण तास लागतो. मावशी शेजारी बसून पाहतात. चमचा जरा जास्त भरला की म्हणतात, "कमी घे पोरी, घाई काऊन करतं?" हे वाक्य मला भाषांतर करून सांगावं लागत नाही. चमच्यातला भात लगेच कमी होतो.

दुपारी २.३०

मुलं झोपली आहेत. पाहुण्यांना मागची भिंत प्लास्टर करून रंगवायची होती. मावशींनी नाही म्हटलं आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. ते काम वस्तीतला गवंडी उत्तम करतो आणि त्याला रोजीची गरज आहे. पाहुण्यांनी त्याच्या मजुरीचे पैसे दिले. स्वतः मात्र ते चाकाच्या खुर्च्या धुताहेत, सैल पेच आवळताहेत, चाकांना तेल घालताहेत. घरी पाठवायला यात छायाचित्र नाही, पण संध्याकाळी मुलांना बाहेर नेताना खुर्ची अडत नाही.

दुपारी ४.३०

सिव्हिल लाइन्स, हिस्लॉप कॉलेज. ज्यांचं नाव या कॉलेजला आहे ते स्टीफन हिस्लॉप याच पाहुण्यांच्या देशातून १८४५ मध्ये नागपूरला आले, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. त्यांनी १८४६ मध्ये इथे शाळा काढली. ते मराठी शिकले. गोंडांची गाणी आणि शब्द त्यांनी टिपून ठेवले आणि या प्रदेशातले जीवाश्म गोळा केले. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पावसाने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. गोंडांविषयीचे त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले.

ते धर्मप्रसारासाठीच आले होते, हे मी पाहुण्यांना स्पष्ट सांगते. आणि तो काळ परकीय सत्तेचा होता, हेही. तरी त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे ते इथल्या माणसांविषयीचं आणि मातीविषयीचं कुतूहल, १८ वर्षं न आटलेलं. "आम्ही तर दोनच आठवडे आहोत," एक जण खिन्नपणे म्हणतो. म्हणूनच, मी सांगते, या दोन आठवड्यांत शिकणाऱ्याच्या जागेवर बसायचं.

संध्याकाळी ६.३०

मंडळीत गायन. पेटी, तबला आणि हातात 'उपासना संगीत'. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं सुरू झाली की आजीबाईंना पुस्तक लागत नाही. टिळकांना नव्या कराराची प्रत मिळाली ती नागपूरहून राजनांदगावला जाताना, रेल्वेतल्या एका सहप्रवाशाकडून. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ताची भक्ती अभंग-कीर्तनातून मांडली. पाहुण्यांना हे नवीन आहे. इथली मंडळी आपल्या मदतीची वाट पाहत बसली असेल, अशी त्यांची कल्पना होती. पण उत्तर भारतातल्या सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालं ते याच शहरात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. इथल्या श्रद्धेला स्वतःचा सूर आहे आणि आज पाहुणे तो शिकताहेत.

रात्री ८.४५

जेवणानंतर दिवसाची उजळणी. एक मुलगी विचारते, "आम्ही गेल्यावर मुलांना वाईट वाटेल का?" वाटेल. ज्या मुलांचे आईवडील दूर आहेत त्यांना दर काही आठवड्यांनी नवा चेहरा जीव लावतो आणि निघून जातो. म्हणून आमच्याकडे पाहुणे मावशींच्या जागी कधीच नसतात, कायम त्यांच्या शेजारी असतात. मूल रडलं तर आधी मावशी घेतात. पाहुणे गेल्यावरही मुलाचा आधार जागेवर राहतो.

परदेशातून तरुणांना बोलावणाऱ्या आपल्या मंडळ्यांना मला मनापासून सांगायचं आहे. अशा तरुणांना जरूर बोलवा, त्यांची श्रद्धा खरी आहे आणि हात कष्टाळू आहेत. पण कामाची आखणी मावशींसारख्या माणसांकडे द्या. पाहुण्यांनी परत जाऊन निधी जमवला, तर तो आणखी एका मावशीच्या पगारासाठी लावा. एका बाईकडे कमी मुलं आली, तर प्रत्येक ताटाला लागणारा पाऊण तास रोज मिळेल, पाहुणे असोत वा नसोत.