नाण्यावरील वैगुण्य : टांकसाळीचे की काळाचे?

हस्तलिखितातील अपपाठ समोर आला की पाठचिकित्सकाला विचारावे लागते : हा दोष लेखकाचा, लिपिकाराचा, की कसरीचा? नाण्याच्या अभ्यासकापुढेही हाच प्रश्न असतो. टांकसाळीत घडलेली चूक ही नाण्याच्या निर्मितिप्रक्रियेची साक्ष असते. नंतरची हानी केवळ त्याच्या वापराची खूण असते. संग्राहक पहिलीला मोठे मोल देतात आणि दुसरीमुळे नाण्याची किंमत घटते. त्यामुळे हानीलाच टांकसाळदोषाचे रूप देण्याचे प्रयत्न होतात. या दोहोंतील भेद कसा ओळखावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कोरी चकती, दोन ठसे आणि आघात या तीन गोष्टींतून नाणे सिद्ध होते. अस्सल दोष यांपैकी एकीत दाखवता आला पाहिजे. ठशावर जे खोल, ते नाण्यावर उठावदार उमटते. म्हणून ठशाला गेलेला तडा नाण्यावर उंच रेषेच्या रूपाने दिसतो. नाण्यावर मागाहून पडलेला ओरखडा मात्र खोल असतो आणि त्याच्या कडेला बाजूस सरकलेला धातू आढळतो. तथापि प्रत्येक खोल खूण म्हणजे हानी नव्हे. आघाताच्या वेळी ठसा व चकती यांच्यामध्ये दोरा किंवा तार अडकली, तरीही खाच पडते.

चकतीच्या दोषाची परीक्षा निराळी आहे. धातूच्या पट्टीतून चकत्या कापताना आधीच्या छिद्रावर पुन्हा कापणी झाली, तर चकतीचा कमानदार तुकडा कमी पडतो. अशी चकती कडा उचलण्याच्या यंत्रातून जाताना छेदाच्या समोरच्या बाजूस पुरेसा दाब मिळत नाही. परिणामी तेथील कड बहुधा दुबळी राहते. कानशीने कापलेल्या नाण्याची समोरची कड मात्र पूर्ण असते. फसवणूक करणारा एक बाजू बनवतो. तिची जोडीदार खूण त्याच्या ध्यानात राहत नाही.

अमेरिकेच्या डेन्व्हर टांकसाळीचे 1937 सालचे, 'तीन पायांचा गवा' म्हणून ख्यात असलेले पाच सेंटचे नाणे याचे उत्तम उदाहरण होय. ठसा प्रमाणाबाहेर घासला गेल्याने गव्याचा पुढचा एक पाय नाहीसा झाला. साध्या नाण्यावरील पाय खरवडून त्याची नक्कल करता येते. परंतु अस्सल नाण्यावर पोटाखालून जमिनीकडे उतरणारी उठावदार ठिपक्यांची ओळ असते आणि मागचा पायही झिजल्यासारखा दिसतो. पाय काढून टाकणे सोपे. उठावदार ठिपके निर्माण करणे कठीण.

मात्र हे निकष यंत्रयुगीन नाण्यांसाठी आहेत. शिवराईसारख्या हातोड्याने पाडलेल्या तांब्याच्या नाण्यांना ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. शिवराईचा ठसा पुष्कळदा चकतीहून मोठा असे. म्हणून 'श्री राजा शिव' किंवा 'छत्रपति' या लेखातील अक्षरे कडेला तुटलेली आढळतात. ही ना चूक, ना हानी. ती त्या पद्धतीची रीतच होय. याउलट 'शिव'ऐवजी 'सिव' असे अक्षर उठावदार आढळले, तर ते ठसा कोरणाऱ्याच्या हातचे मानावे लागते. त्याच ठशाच्या इतर नाण्यांवर ते पुन्हा आढळणे, हा त्याचा भक्कम पुरावा.

पुनरावृत्तीचा हा निकष साहित्याभ्यासकास परिचित आहे. अनेक प्रतींत समान चूक आढळली, तर त्यांचा पूर्वज एक असावा, असे पाठचिकित्सा मानते. एकाच प्रतीत कसरीने खाल्लेले अक्षर तिचे कुल सांगत नाही. वेगळेपण दिसले एवढ्यावरून त्याला अर्थ येत नाही. ते निर्मितीच्या कोणत्या टप्प्यावर घडू शकले, हे दाखवता आले तरच ते पुरावा ठरते. आणि त्या टप्प्याची प्रचलित रीत ठाऊक नसेल, तर रीतीलाच दोष म्हणण्याची चूक अभ्यासकाच्या हातून घडते.