तक्रार ऐकण्याची रीत

मैदानावर कोणी कोणाला काय म्हणालं, याची तक्रार पंचांकडे गेली की पुढचा सगळा कारभार सामनाधिकाऱ्याच्या खोलीत होतो. म्हैसूरचे जवागल श्रीनाथ २००६पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेसाठी हे काम करत आहेत. प्रेक्षकांना ते नाणेफेकीपुरते दिसतात, पण त्यांचं अवघड काम दिवसाचा खेळ संपल्यावर सुरू होतं. पंच लेखी आरोप ठेवतात आणि तो मान्य आहे का, हे खेळाडूला विचारलं जातं. मान्य असेल तर शिक्षा ठरवून प्रकरण मिटतं, नसेल तर सुनावणी होते. ऐकू जाईल अशी अर्वाच्य भाषा हा पहिल्या पातळीचा गुन्हा. त्याला कमीत कमी ताकीद, जास्तीत जास्त निम्म्या मानधनाचा दंड, आणि २०१६पासून जोडीला एक किंवा दोन डिमेरिट गुण. चोवीस महिन्यांत चार गुण साठले की बंदी. झेल सुटल्यावर स्वतःवर चरफडून घातलेल्या शिवीला एवढी व्यवस्था पुरते. पण शिवी समोरच्याच्या वर्णावर किंवा वंशावर घातलेली असेल, तर शिक्षा किती यापेक्षा तक्रार कधी आणि कशी ऐकली गेली याला जास्त महत्त्व येतं. ती ताबडतोब, शब्दशः नोंदीसह आणि क्रिकेट मंडळांच्या दबावापासून दूर ऐकली गेली नाही, तर निकाल कोणाच्याही बाजूने लागो, तक्रार करणाराच शेवटी शिक्षा भोगतो असं माझं ठाम मत आहे.

जानेवारी २००८मधली भारत-ऑस्ट्रेलिया सिडनी कसोटी याचा सर्वांत कडू पुरावा आहे. तिसऱ्या दिवशी सचिन तेंडुलकर आणि हरभजन सिंग फलंदाजी करत असताना हरभजन आणि ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू सायमंड्स यांच्यात खटका उडाला. हरभजनने सायमंड्सला ‘मंकी’ म्हटल्याची तक्रार कर्णधार रिकी पाँटिंगने पंचांकडे केली. सुनावणी झाली ती थेट सामना संपल्यावर, रात्री. तोवर तो सामना पंचांच्या चुकांनी आणि कडवटपणाने पेटलेला होता. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी आरोप निःसंशय सिद्ध झाल्याचं सांगून तीन कसोटींची बंदी घातली. भारतीय संघ कॅनबेराला जायचा थांबला आणि दौरा सोडण्याची भाषा सुरू झाली. महिन्याच्या अखेरीस अ‍ॅडलेडला न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यासमोर अपील चाललं. हरभजनच्या तोंडून आईवरून दिलेली हिंदी शिवी गेली होती, अशी साक्ष तेंडुलकरने दिली, आणि परक्या कानाला ती ‘मंकी’सारखी ऐकू येऊ शकते, ही शक्यता पुढे आली. यष्ट्यांजवळच्या माइकमध्ये नेमका तोच शब्द नव्हता. वर्णद्वेषाचा आरोप आवश्यक त्या पातळीपर्यंत सिद्ध होत नाही असं हॅन्सन यांनी ठरवलं आणि शिवीगाळीबद्दल निम्म्या मानधनाचा दंड केला. हरभजनच्या आधीच्या गुन्ह्यांची पूर्ण यादी त्यांच्यासमोर ठेवलीच गेली नव्हती, हे नंतर उघड झालं आणि परिषदेला चूक कबूल करावी लागली. पहिल्या सुनावणीत तेंडुलकर काय म्हणाला होता, याबद्दल ऑस्ट्रेलियाचा यष्टिरक्षक अ‍ॅडम गिलख्रिस्टने आत्मचरित्रात शंका घेतली, तेंडुलकरने ती फेटाळली. शब्दशः नोंद सर्वांसमोर असती तर त्या वादाला जागाच उरली नसती. आपल्या घसरणीची सुरुवात तिथूनच झाली, असं सायमंड्सने पुढे सांगितलं. आरोप ‘सिद्ध झाला नाही’ याचा अर्थ लोकांनी ‘खोटा होता’ असा घेतला, आणि हा माणूस खोटारडा ठरला. हॅन्सन यांच्या निकालात असं कुठेही म्हटलेलं नाही.

रग्बी लीगमध्ये हाच शब्द सोळा वर्षांनी उच्चारला गेला. मार्च २०२४मध्ये लास वेगासच्या सामन्यात सिडनी रूस्टर्सचा स्पेन्सर लेनियू ब्रिस्बेन ब्रॉन्कोजच्या एझ्रा मॅमला ‘मंकी’ म्हणाला. मॅम ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी समाजातला. त्याने मैदानावरच रेफरीकडे तक्रार केली. सामन्यानंतर लेनियूने हे हसण्यावारी नेलं, पण दोन आठवड्यांच्या आत प्रकरण न्यायसमितीपुढे आलं, त्याने गुन्हा कबूल केला आणि आठ सामन्यांची बंदी भोगली. इंग्लंडमध्ये विगनच्या टोनी क्लबलाही २०२१मध्ये वांशिक शिवीबद्दल आठच सामने बाहेर बसावं लागलं. ऑस्ट्रेलियातल्या लीगमध्ये चित्रीकरण तपासून आरोप ठेवणारी समिती वेगळी असते आणि निकाल देणारी वेगळी. शिवाय तक्रार पीडितानेच केली पाहिजे असंही नाही. २०२२मध्ये वॉरियर्सच्या मार्सेलो माँटोयाला समलैंगिकांबद्दलच्या अपशब्दासाठी चार सामन्यांची बंदी झाली, ती प्रक्षेपणाच्या माइकने तो शब्द पकडल्यामुळे. हा शहाणपणा या खेळाला सहज आलेला नाही. २०१०मध्ये सहायक प्रशिक्षक अँड्र्यू जॉन्सच्या वर्णद्वेषी बोलण्यामुळे टिमाना टाहू न्यू साउथ वेल्सच्या शिबिरातून निघून गेला होता.

यावर पहिला आक्षेप असतो तो शेरेबाजी हा खेळाचाच भाग असल्याचा. शेरेबाजी असू द्या. फलंदाजाचं तंत्र, त्याची घबराट, त्याचा ढेपाळलेला फॉर्म यांवर हवं ते बोला. माणसाचा जन्म हा खेळाचा भाग नाही. दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे, कारण तो आपल्या संस्कारांतून येतो. आपल्याकडे विजयादशमीला आपट्याचं सोनं देऊन जुनं वैर विसरायची रीत आहे. मैदानातलं मैदानातच मिटवावं, असं म्हणणाऱ्यांच्या मनात तेच असतं. हरभजन आणि सायमंड्स २०११मध्ये मुंबई इंडियन्सकडून एकत्र खेळलेच की, हा दाखलाही दिला जातो. सलोखा मलाही हवाच आहे, पण तो कारवाईच्या जागी नको. २०१९मध्ये डरबनला पाकिस्तानचा कर्णधार सर्फराज अहमद दक्षिण आफ्रिकेच्या अँडिले फेलुक्वायोच्या वर्णावरून उर्दूत जे बोलला, ते यष्टीच्या माइकने टिपलं. त्याने समक्ष माफी मागितली, फेलुक्वायोने ती स्वीकारली, आणि तरीही चार सामन्यांची बंदी झालीच. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात याला याहून चांगला पुरावा नको.

खोट्या तक्रारींचं काय, हा तिसरा प्रश्न रास्त आहे. आरोप जितका गंभीर, पुरावा तितका भक्कम हवाच. पण म्हणूनच तो ताजा असताना गोळा करायला हवा. जानेवारी २०२१मध्ये, पुन्हा सिडनीतच, मोहम्मद सिराजने प्रेक्षकांच्या शिव्यांची तक्रार केली तेव्हा अजिंक्य रहाणे ती घेऊन पंचांकडे गेला आणि खेळ थांबवायला लावला. सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं. चौकशीअंती क्रिकेट ऑस्ट्रेलियाने जाहीर केलं, की वर्णद्वेषी शिवीगाळ झाली होती, मात्र ती त्या सहा जणांनी केलेली नव्हती. तक्रार खरी आणि संशयित निर्दोष, हे दोन्ही एकाच वेळी मान्य करण्याचा प्रामाणिकपणा २००८मध्ये कोणाला सुचला नव्हता. आपल्या क्लब आणि शालेय सामन्यांत ना माइक असतो ना चित्रीकरण. तिथे पंचाने षटक संपताच वहीत चार ओळी लिहाव्यात: वेळ, जसेच्या तसे शब्द, कोण कोणाला म्हणालं, जवळ कोण उभं होतं. आणि खाली दोन्ही कर्णधारांच्या सह्या घ्याव्यात, सामना संपायच्या आत.